बबनभाऊंना मी दिलेलं मोठं पद

अण्णा, उदगीरच्या स्टँडवर एसटीच्या खिडकीपाशी येऊन तुम्ही विचारलंत, "पद काय हाय गं तुझं?" मी म्हटलं, "दुभाषी." तुमचा चेहरा उतरला. उभा जन्म तहसिलीत शिपाई म्हणून काढलेला माणूस तुम्ही. गाडी हलल्यावर ओरडलात, "त्याच्या म्होरं काहीतरी मोठं लावून घे, माय!"

चाकणच्या जपानी कंपनीत पहिल्याच वर्षी माझ्याकडे पदांचा तक्ता आला. जपानी पदं इंग्रजीत करायची. काचो म्हणजे मॅनेजर, बुचो त्यांच्या वरचे; तिथवर सोपं. अडलं ते हानचोपाशी. हानचो म्हणजे दहाबारा जणांच्या तुकडीचा प्रमुख, पण स्वतःही हातात वेल्डिंग गन घेऊन लाइनवर उभा राहणारा.

नेमके तेव्हाच बबनभाऊ हानचो झाले. भाऊ म्हणजे चाकणजवळच्या कुरुळीतले माझे घरमालक, त्याच कंपनीत वेल्डर. मनात 'टीम लीडर' आलं होतं, खोटं कशाला बोलू? पण तुम्ही डोळ्यांपुढे आलात. म्हटलं, माणसाला एकदा तरी भारदस्त नाव मिळू दे. टाइप केलं, 'सुपरवायझर'. भाऊंनी गल्लीभर पेढे वाटले.

पंधरा दिवसांत एचआरचं पत्र आलं: सुपरवायझर स्टाफमध्ये मोडतो, सबब युनियनचं सभासदत्व संपलं. अहो, गेटवर उन्हातान्हात बसून ती युनियन उभी केलेल्यांतले भाऊ! कँटीनमध्ये त्यांच्याच तुकडीतली पोरं "या साहेब, बसा" म्हणत ताटं उचलून दुसऱ्या टेबलावर गेली. भाऊ अर्ध्या जेवणावरून उठले. मी पलीकडेच बसले होते.

संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर जाऊन सगळं कबूल केलं. म्हटलं, "मी मुद्दाम मोठं लिहिलं, भाऊ. खोली सोडते मी."

"खोलीचं कोन इचारतंय? आमाला इचारलं व्हतंस का लिवताना?" भाऊ कडाडले. "मोठं कुनाला पायजे व्हतं, मला का तुला?"

हे मी आजही स्वतःला विचारते, अण्णा.

दुसऱ्या दिवशी आमच्या जपानी काचोंपुढे वाकून माफी मागितली. नोकरी जाणार असंच धरून चालले होते. त्यांनी एवढंच विचारलं, "ते स्वतः वेल्डिंग करतात?" हो म्हटल्यावर म्हणाले, "मग ते कामगारच. आमच्याकडे हानचो युनियनमध्येच असतो." चूक माझी आहे असं मी लिहून दिलं. तक्ता बदलून पत्र मागे घ्यायला दीड महिना गेला. तेवढे दिवस भाऊ मला टाळून मागच्या दारानं ये-जा करायचे. त्यांची बायको, सुमनवहिनी, मात्र रोज वाटीभर कालवण माझ्या दारात ठेवायच्या.

युनियनचं कार्ड परत मिळालं त्या दिवशी भाऊंनी मला जेवायला बोलावलं. त्यांचे मेहुणे आले होते. त्यांनी विचारलं, ही कोण?

"हिनं माझं वाटुळं केलं व्हतं," भाऊ म्हणाले, "आन् हिनंच निस्तरलं. लई शानी समजती सोताला. अगं, वाढ तिला."

उदगीर सोडल्यापासून इतक्या हक्कानं माझ्यावर कुणी रागावलं नव्हतं, अण्णा. मी ताट पुढं ओढलं आणि दुसरी भाकरी मागून घेतली.