खलनायकाची धून

सावली गावातला आमचा पोस्टमन झाडीपट्टीच्या नाटकांत खलनायक होतो. त्याच्या एन्ट्रीला ऑर्गनवर वाजणारी धून इतकी गाजली, की तो सायकलवर दिसला तरी बाया तोंडानं तीच वाजवतात.

तो वैतागतो. "अवो बाई, मी टपाल वाटून राह्यलो, कोनाची पोरगी पळवून नाई राह्यलो!"

आई गेल्यावर बाबांनी जेवण सोडलं होतं. पत्र द्यायला आलेल्या पोस्टमननं त्यांचं भरलेलं ताट पाहिलं. तो दाराबाहेर गेला आणि स्वतःच ती धून वाजवत, मिशीला पीळ देत आत आला.

"भाऊ, जेवता, का उचलून नेऊ?" तो गरजला.

बाबा खुदकन हसले. म्हणाले, "पयले तू बस."

त्या दिवशी आमच्या गल्लीचं टपाल फार उशिरा वाटलं गेलं.