श्रद्धांजलीच्या मेसेजांत अडकलेला निरोप

मंडळी, डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून लगेच लिहितेय.

खामगावला आमची जिनिंग आहे, म्हणजे कापसातली सरकी काढून गाठी बांधायचा कारखाना. घरचा आणि धंद्याचा व्हॉट्सॲप ग्रुप एकच. सासऱ्यांचा, म्हणजे मामाजींचा, तसा हट्टच होता.

आज सकाळी मामाजींच्या लांबच्या आत्याबाई वारल्याची बातमी ग्रुपवर आली आणि हात जोडलेल्या इमोजींची रांग लागली. त्याच वेळी जालन्याच्या व्यापाऱ्याने आमच्या ऑफिसातल्या गजाननभाऊंना कळवलं, की गोदाम भरलंय, आज गाठी पाठवू नका. एरवी ते असा निरोप ग्रुपवर टाकतात आणि लोडिंगवाले वाचतात. आज टाकलाच नाही. भरलेला ट्रक निघून गेला. आता जालन्यात भरलेल्या गोदामासमोर उभा आहे.

मी विचारलं तर म्हणाले, "वयनी, समदे श्रद्धांजली देऊन राह्यले, त्यात मी ट्रकचं काऊन टाकू? बरं दिसते काय ते?"

खरं सांगू? मीही टाकलं नसतं.

दुपारीच जिनिंगसाठी वेगळी ईमेलची सोय घेतली. दोन पाहिल्या. गजाननभाऊंच्या जुन्या फोनवर जी नीट चालली, ती ठरवली. पत्ते माणसांच्या नावाने नाहीत, कामाच्या नावाने आहेत: खरेदी, विक्री, लोडिंग. लोडिंगचा मेल तिथल्या चौघांनाही दिसतो. उद्यापासून कामाचं सगळं तिथेच. मागे फिरणार नाही.

तुमचंही घर आणि धंदा एकाच ग्रुपवर आहे का? मग ही नवी ईमेल दाखवल्यावर मामाजी काय म्हणाले, ते ऐका.

"उद्या मी गेलो, तरी ते याच्यावर टाकू नका. त्या दिवशी बी इथं फक्त ट्रकचंच बोला."