सातवी गाय

खांद्यापर्यंत हातमोजा चढवून डॉक्टर खोड्यातल्या गाईच्या मागे उभे राहिले. एकतीस वर्षांत असे किती हजार वेळा उभे राहिले असतील, देव जाणे. जनावरांच्या प्रजननावर संशोधन करण्यात अख्खी हयात गेली. संशोधन केंद्रात त्यांना ‘बोटं’ म्हणत, कारण हात आत घातला की गाय गाभण आहे की रिकामी, हे ते छातीठोकपणे सांगायचे. सोनोग्राफीचे मशीन आले तेव्हा, “ज्याच्या हातात काही नाही त्यानं बघावा टीव्ही,” म्हणत त्यांनी ते कपाटात कोंबले होते.

गाईंच्या एका बुटक्या, काळ्या जातीचे जगात उरलेले सात गोठवलेले गर्भ त्यांनी वर्षभरात सात गाईंमध्ये सोडले. सहा गाई दोन-दोन महिन्यांनी त्यांनीच तपासल्या, रिकाम्या ठरवल्या आणि त्या कत्तलखान्याच्या गाडीत चढल्या. ही सातवी. हिच्यातही काही नसले की ती जात संपली.

“काय म्हणतेय, सर?” त्यांची जुनी विद्यार्थिनी वही घेऊन उभी होती. आता केंद्राची प्रमुख तीच. दावे धरून गोठ्यातले काका होते.

डॉक्टरांनी हात आणखी आत सरकवला. आतली ऊब कळत होती, बाकी काहीच नाही. बोटांची टोके बधिर झाली होती आणि त्यांनी हे बायकोपासूनही लपवले होते. शर्टाची बटणे लागेनात, तर वय झाले म्हणायचे. आता गाभण म्हणावे तर ती शुद्ध थाप, आणि रिकामी म्हणावे तर हीही चालली. घाम डोळ्यांत उतरला.

“सर?”

‘रिकामी’ हा शब्द अगदी ओठांवर आला होता. त्यांनी तो गिळला.

“कपाटातलं मशीन आण. माझ्या हाताला काही लागत नाही.”

ती पळतच गेली. थोड्या वेळाने करड्या पडद्यावर एक ठिपका भराभर लुकलुकू लागला.

“ठोके, सर! आहे!” ती हसता हसता रडलीच. डॉक्टरांच्या जिवात जीव आला.

काकांनी गाईची पाठ थोपटली. मग साधेच विचारले, “कधीपासून लागत नाही, डॉक्टर?”

“वर्ष झालं.”

काकांचा हात थांबला. डॉक्टरांना आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. मान वर होईना.

“त्या सहाही मीच गाडीत चढवल्या,” काका म्हणाले.