मऊ टोकाची गोळी

बंदुकीतलं सगळं कळणारे लोक मला चहाच्या टपरीवर ढिगाने भेटतात. जनावर जागीच कोसळलं म्हणजे मेलं, असं ते छातीठोकपणे सांगतात. मला त्याचा राग येतो. काळजात गोळी लागलेलं जनावर बहुधा थोडं धावून पडतं. जागीच कोसळलेलं मात्र कधी कधी उठतं. गोळी कण्याला नुसता धक्का देऊन वरून गेलेली असते.

मूल तालुक्यातल्या एका गावात धान पोटरीवर आलं होतं, लोंब्या फुटायच्या बेतात होत्या आणि रानडुकरं ते तुडवत होती. मारायची सरकारी परवानगी निघाली, तेव्हा मला बोलावणं आलं. भोवती माणसं असणार म्हणून मी मऊ शिशाच्या टोकाच्या गोळ्या भरल्या. ही गोळी अंगात फुलते आणि बहुतेकदा आतच थांबते. नेहमीच थांबते असं नाही.

सकाळी एक मोठा नर बांधावर आला. गोळी सुटताच तो कोसळला. तिथली रीत अशी, की ज्याचं शेत त्याने मेलेल्या जनावराच्या कपाळाला हळद लावून माफी मागायची, मगच ते पुरायचं. शेतकरी हळद घेऊन निघाला. थांबा, म्हणून मी ओरडलो. "पडला नं, भाऊ," म्हणत तो पलीकडे डोक्याच्या बाजूला गेला आणि वाकला.

डुक्कर उठलं. त्याच्या मागे, माझ्या नळीच्या सरळ रेषेत तो माणूस. गोळी आरपार गेली तर? मी घाबरलो, घोडा दाबला नाही. तेवढ्यात डुकराचा सुळा त्याच्या मांडीत घुसला. मग ते आडवं वळलं, पलीकडे रिकामं शेत दिसलं, तेव्हा मी मारलं.

पुरण्याआधी गुरांच्या डॉक्टरांनी ते कापून पाहिलं. पहिली गोळी कण्याच्या जराशी वरून गेली होती. दुसरी पलीकडच्या कातड्याखाली सापडली, फुलून चपटी झालेली. ती बाहेर पडलीच नव्हती.

शेतकऱ्याचा जीव वाचला, पाय मात्र कायमचा अधू झाला. दिवाळीनंतर मी त्याच्या घरी गेलो. तो ओसरीत खाटेवर बसला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्याने विचारलं, "तवाच मारली असती, त मले लागली असती का?"

खोटं बोलता आलं असतं. "नसती लागली," मी म्हणालो.



"ते तुमाले तवा कुठी माहीत होतं," तो म्हणाला. मग दोन्ही हातांनी तो पाय उचलून त्याने बाजूला सरकवला आणि मला बसायला जागा केली.