खड्ड्यातला जावई

आमच्या गल्लीत काटेवाले म्हणून एक गृहस्थ राहतात. दुकानदारांचे तराजू आणि वजनकाटे दुरुस्त करायचा त्यांचा धंदा. ओट्यावर मांडी घालून ते तराजूच्या दांडीवर कानस अशी फिरवतात, की जणू तान्ह्या बाळाची नखं काढतायत. पारड्यात केस पडला तरी काटा थरथरला पाहिजे, हा त्यांचा हट्ट. पण हाच माणूस बोलायला लागला की तोलमापाशी त्याचा काही संबंध उरत नाही. हातात ग्रॅम आणि तोंडात क्विंटल, असं त्यांची बायको म्हणते. इतकी वर्षं संसार केलेल्या बाईचं माप चुकीचं कोण म्हणणार?

बायको गाद्या-उशा शिवते. घरामागे कापूस पिंजायचं यंत्र, पुढे अंगण, आणि अंगणभर पसरलेला कापूस. ऊन सरकेल तसा ती कापूस सरकवत नेते, गुराख्याने गुरं हाकावीत तशी. कापसात ओल राहिली की गादीला कुबट वास मारतो आणि गिऱ्हाईक ती डोक्यावर घेऊन परत दारात येतं. म्हणून अंगणातलं ऊन हेच तिचं भांडवल.

त्या उन्हात काटेवाल्यांनी एके दिवशी लष्कराचा ट्रक आणून उभा केला.

लिलावात गेले होते जुने लोखंडी वजनकाटे घ्यायला. काट्यांच्या मागे तो मोडीत काढलेला ट्रक गवतात बसला होता, आणि हा माणूस त्याला पाहून तुपासारखा पातळ झाला. ट्रॅक्टरला दोर बांधून त्याला घरी ओढत आणलं. आत शिरताना ट्रकने फाटकाचा एक खांब सोबत घेतला.

"अहो, हे काय आहे?" बायकोने विचारलं.

"युद्धातून आलाय तो."

"मग दवाखान्यात न्यायचा. माझ्या उन्हात कशाला?"

पण आणलेला ट्रक काही पिशवीत घालून परत करता येत नाही. काटेवाल्यांनी दुसऱ्या दिवसापासून त्याला घासायला घेतलं. गॅरेज चालवणारा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, रोज संध्याकाळी मदतीला येऊ लागला. हिरव्या रंगाखाली हिरवा रंग निघाला, त्याच्याखाली आणखी जुना हिरवा. आणि प्रत्येक खाचेत, प्रत्येक सांध्यात, विटेसारखा भाजलेला चिखल. काटेवाल्यांनी तो पारडी पुसायच्या ब्रशने कणाकणाने काढला आणि बिस्किटांच्या डब्यात भरून ठेवला.

"रणांगणाची माती आहे," असं म्हणून ते येणाऱ्याजाणाऱ्याला डबा हुंगायला देत. लोक डोळे मिटून हुंगत आणि मान डोलवत. बायकोने एकदाच हुंगला. "आपल्या मोरीमागे हीच लढाई चालू आहे," म्हणाली.

खरं कोडं घातलं ते मेहुण्याने. ट्रकचं अंग जखमांनी भरलेलं होतं. बंपरवर लोखंडी दोरांचे खोल वळ होते. ओढण्यासाठी पुढे आणि मागे जे हूक असतात, ते झिजून द्वितीयेच्या चंद्रकोरीसारखे झाले होते. पण इंजिन उघडलं आणि मेहुणा हातातला पाना विसरून बघत राहिला.

"भावोजी, हे इंजिन चाललेलंच नाही. गिअरचे दाते बघा, काल बाजारातून आणल्यासारखे."

"जपून वापरलं असेल."

"अंगावर एवढे घाव आणि पोटात एवढं कोरं? भावोजी, हा लढलाय की नुसता मार खाल्लाय?"

 काटेवाले दोन दिवस मेहुण्याशी बोलले नाहीत, नुसते खुणेने पाने मागत होते. पण इंजिन कोरं असल्याचा फायदाही झाला. तेल, वायर आणि बॅटरी मिळताच ट्रक पहिल्याच झटक्यात सुरू झाला आणि सगळ्या गल्लीची कावळ्यांसकट झोप मोडली.

अशात बायकोला एका वसतिगृहाच्या गाद्यांचं काम मिळालं. आजवरचं सगळ्यात मोठं काम. गाडीभर कापूस यायचा होता, आणि अंगणात तर ट्रकची सावली दुपारी चारलाच पाय पसरून झोपायची. तिने नवऱ्याला जेवायला वाढलं, समोर बसली आणि शांतपणे म्हणाली, "येत्या रविवारी भंगारवाल्याला बोलावलंय."

काटेवाल्यांचा घास हातातच राहिला. "अगं, शूर आहे तो."

"मग सिद्ध करा. कुठे होता, काय केलं, ते एखाद्या शहाण्या माणसाने मला येऊन सांगायला हवं. एक तरी कामाची गोष्ट केली असेल, तर मी कापूस गच्चीवर वाळवीन. नसेल, तर बसून खाणारं आणखी एक माणूस मला घरात नको."

हे 'आणखी एक' त्यांनी ऐकलं न ऐकलंसं केलं. ट्रकसाठी तेवढा अपमान गिळायला त्यांची तयारी होती. सकाळी उठून मागच्या फळीवर रंग खरवडून सापडलेला नंबर त्यांनी तळहातावर लिहिला, ट्रकचा फोटो घेतला आणि शोधाला निघाले.

चहाच्या दुकानावर निवृत्त सैनिकांची बैठक असते. पहिल्याने फोटो पाहताच सांगितलं, "हाच तो. बर्फातून नेला होता मी, कमरेएवढ्या." दुसरा म्हणाला, "वेड लागलंय याला. हा माझ्यासोबत वाळवंटात होता, त्याच वर्षी." तिसऱ्याने दोघांनाही गप्प केलं आणि त्याच वर्षी हा ट्रक जहाजावर चढवताना आपण स्वतः दोर धरला होता म्हणून सांगितलं. काटेवाल्यांनी तिघांनाही चहा पाजला आणि तिन्ही लढाया घरी घेऊन आले.

"एकाच वर्षी बर्फात, वाळूत आणि समुद्रात?" बायको उशीला टाका घालत म्हणाली. "एवढ्या हवाबदलाने सर्दी कशी झाली नाही त्याला?"

मेहुणा जोराने हसला. मग ताईने पाहिलं म्हणून खोकला.

शनिवार आला. काटेवाल्यांचा चेहरा उतरला होता. तेव्हा कोणीतरी सांगितलं, की नदीपलीकडे एक म्हातारा राहतो, सैन्यात ड्रायव्हर लोकांना शिकवायचा, सगळे त्याला उस्ताद म्हणतात. काटेवाले गेले. उस्ताद मधमाश्यांच्या पेट्या उघडून बसले होते. त्यांनी फोटो दूर धरून पाहिला, मग जवळ धरून. बर्फाचं नाव नाही, वाळूचं नाव नाही. एवढंच विचारलं, "हूक झिजलेत का? दोन्हीकडचे?"

"हो."

"उद्या येतो," उस्ताद म्हणाले आणि पुन्हा माश्यांत डोकं घातलं.

रविवारी भंगारवाला आधी आला. सोबत क्रेन, साखळी आणि दोन हमाल. बायकोने त्याला थांबायला सांगितलं. तो ओट्यावर बसला आणि अनुभवी नजरेने ट्रकचे तुकडे पाडू लागला. काटेवाले अंगणात येरझाऱ्या घालत होते. मधूनच ट्रकच्या बॉनेटवर हात ठेवत, ताप पाहावा तसा.

उस्ताद आले. कोणाशी न बोलता त्यांनी ट्रकला एक फेरी घातली. मागच्या हुकाला बोट लावलं. आणि मग ते हसायला लागले. असे हसले, की शेवटी ट्रकच्याच पायरीवर बसावं लागलं.

"जावई," ते डोळे पुसत म्हणाले. "अरे, हा तर आमचा जावई."

"कोणाचा?" बायकोने विचारलं.

"सगळ्या शाळेचा, बाई. चिखलात रुतलेली गाडी कशी काढायची, हे पोरांना शिकवायचं माझं काम. त्यासाठी रुतलेली गाडी लागते. दर सोमवारी आम्ही नळी लावून खड्डा भरायचो आणि याला त्यात ढकलायचो. पोरं आठवडाभर काढायची. पुढून, मागून, आडवा पाडून. हा बसायचा आरामात आणि दहा माणसं घाम गाळायची. म्हणून नाव पडलं जावई."

"आणि लढाई?" काटेवाल्यांनी अगदी बारीक आवाजात विचारलं.

"लढाई कसली? फाटकाबाहेर गेला नाही कधी. इंजिन कशाला चालवतोय कोण? याचा आवाजसुद्धा ऐकलेला नाही मी."

 मेहुण्याने बिस्किटांचा डबा उचलून हळूच पाठीमागे लपवला. भंगारवाला उठला आणि हमालांना खूण केली. साखळी खळखळली.

"म्हणजे जन्मभर चिखलात पडून पगार खाल्ला," बायको म्हणाली. तिने नवऱ्याकडे पाहिलं. "बरोबर घरी आलाय."

 आयुष्यात पहिल्यांदाच काटेवाल्यांना जोडायला काही सुचलं नाही. ते बाजूला झाले आणि क्रेनला वाट दिली. हे बायकोने पाहिलं. पदराला चिकटलेला कापूस ती बोटांनी काढत राहिली. मग उस्तादांना म्हणाली, "शिकलेल्या पोरांचा पुढे काही उपयोग झाला का? खरोखरीचा?"

उस्तादांचं हसू ओसरलं. "एकदा पुरात पूल खचला. रुग्णांची गाडी अर्धी काठावर, अर्धी हवेत. आत सहा आजारी आणि एक डॉक्टर. काढायला गेलेली पोरं माझी होती. त्यातला एक नंतर भेटला. म्हणाला, उस्ताद, घाबरेन असं वाटलं होतं, पण समोर आपला जावईच दिसायला लागला. मनात म्हटलं, आज पुन्हा बसला का हा? आणि दोर बांधला."

"निघाली सगळी माणसं?"

"सगळी. डॉक्टरची एक चप्पल तेवढी गेली."

 बायको भंगारवाल्याकडे वळून म्हणाली, "भाऊ, साखळी गुंडाळा. सरबत पिऊन जा."

काटेवाल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते काही मोठं बोलणार होते, पण तिने हात वर केला. "कापूस गच्चीवर वाळवीन म्हणाले. वर नेईन असं म्हणाले नव्हते. ते तुम्ही."

दुपारी कापसाची गाडी आली. काटेवाल्यांनी हत्तीच्या पिलाएवढा पहिला गठ्ठा पाठीवर घेतला आणि आमच्या देखत अभिमानाने जिना चढायला लागले. जिना अरुंद, गठ्ठा फुगलेला. सहाव्या पायरीवर गठ्ठा दोन भिंतींत बसला आणि त्याच्यापुढे काटेवाले बसले. ना वर, ना खाली. नुसतं गठ्ठ्यामागून ऐकू आलं, "अगं, ऐकतेस का?"

मेहुणा धावला. उस्तादांनी त्याला हाताने अडवलं. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर एकदम तरतरी आली होती. त्यांनी बाह्या सरसावल्या, जिन्याच्या तोंडाशी उभे राहून एक डोळा मिटून अंदाज घेतला आणि बायकोकडे दोर मागितला.

"वर कोण आहे, त्यांनी अजिबात हलायचं नाही," त्यांनी आवाज दिला. "अडकलेल्याचं काम फक्त शांत बसायचं. तेवढं जमेल ना?"

"जमेल," बायकोनेच खालून उत्तर दिलं आणि पदर खोचून दोराचं टोक हातात घेतलं.