माझ्या लग्नाची गादी

आमच्या घरात धाप लागली की गूळ खायचा. पिंजाऱ्याचं घर आमचं, नंदुरबारला. कापूस पिंजताना रू उडणार, नाकातोंडात जाणार, मग दम लागणार. त्यावर गुळाचा खडा. आज्यापासून हेच चालत आलेलं. त्यामुळे अब्बा पिंजता पिंजता थांबले आणि भिंतीला टेकून तोंडाने श्वास घेऊ लागले, की अम्मा चुलीपासूनच मला सांगायची, "जाय वं, तुन्हा अब्बाले गूय दी ये." पिंजणीचा आवाज थांबला की तिला आत बसूनच कळायचं.

त्या वर्षी माझं लग्न ठरलं, सारंगखेड्याला. लेकीच्या लग्नाची गादी बापानेच पिंजायची, ही आमच्यातली रीत. अब्बांनी त्यासाठी निवडक कापूस बाजूला ठेवला होता, कुणाला हात लावू देत नव्हते. मी म्हणायची, "गादी मन्ही शे, माले तरी हात लावू द्या!" तर म्हणायचे, "गप बस, नवरी!"

एका शुक्रवारी नमाजला जायचं म्हणून अब्बा विहिरीवरून पाणी घेऊन आले. शुक्रवारी पिंजण बंदच असायची. बादली दारात ठेवून ते उंबऱ्यावरच बसले. तोंडातून शब्द फुटेना. सदऱ्याखाली छाती अशी उडत होती की मला लांबून दिसत होती. मी सवयीने गूळ घेऊन धावले, तर अम्माने माझा हात धरला. "आज रू कोठे व्हती वं?" ती म्हणाली. इतकी वर्षं आम्ही बिचाऱ्या रूलाच शिव्या घालत होतो.

अब्बांना हकिमांकडे नेलं. त्यांनी नाडी धरली ती बराच वेळ सोडलीच नाही. दुखणं काळजाचं आहे, म्हणाले. पिंजणीला हात लावाल तर जिवावर बेतेल. अब्बांनी मान डोलावली आणि घरी येऊन पहिलं काय करावं? तर पिंजण लावायला घेतली! असा संताप आला मला! "तुम्हीन मरी गयात तं त्या गादीवर मी झोपसू का?" मी ओरडले. पिंजणीच्या तातीवर, म्हणजे ताणलेल्या दोरीवर, मारायचा लाकडी ठोकळा अब्बांनी माझ्या हातात दिला आणि खाटेवर जाऊन बसले.

मी रागातच सुरुवात केली. "धीरे, धीरे. तुन्हा हात पयी ऱ्हायना," ते म्हणाले. मग माझ्या ध्यानात आलं, माझा हात पळाला की त्यांनाही धाप लागते. जन्माची सवय, आवाज ऐकला की बसल्या जागी खांदे हलायचे. तेव्हापासून मी त्यांच्याकडे बघत पिंजू लागले. त्यांचा श्वास आत जाऊन बाहेर आला, की मगच एक ठोका. शेजारीण विचारायची, तुमची पिंजण झोपेत चालते की काय गं?

सासरचेही पिंजारीच. पहिल्याच दिवशी सासूने गादी दाबून पाहिली आणि तिचा हात नेमका माझ्या संथ ठोक्यांत न फुटता राहिलेल्या कापसाच्या गाठीवर गेला. "पिंजारानी पोर आनि गादीमा गाठ? कोनी पिंजी वं ही?" नव्या नवरीने मान खाली घालून बसायचं, पण कसलं काय! "मन्हा अब्बानी," मी ताडकन म्हणाले. "एकेक ठोका त्यास्नाच शे."

गाठ काढायला ती गादी मी कुणाला उसवू दिली नाही. अब्बा पहिल्यांदा भेटायला आले तेव्हा त्याच गादीवर बसले, माझ्याकडून सासूचा किस्सा ऐकला, हाताने चाचपत गाठ शोधली आणि इतके हसले, इतके हसले, की त्यांना धाप लागली. मी गूळ आणायला उठले नाही. त्यांच्या पाठीवर हात ठेवून तिथेच बसले.