न दाखवलेल्या भागातले अप्पा

फेसबुकवर एका भुताच्या मालिकेवरून भांडणाऱ्या माणसांचा ग्रुप आहे आणि मी त्यात आहे. पंचेचाळिशी उलटलेली, नांदेडच्या एका कॉलेजच्या ऑफिसात काम, घरी नवरा आणि दोन मुलं, आणि फावल्या वेळात हा उद्योग. मालिका संपून बरीच वर्षं झाली, भांडणं संपलेली नाहीत. भूत मुळातच वाईट होतं की सुनेनं छळलं म्हणून वाईट झालं? तिनं त्या दिवशी दार उघडायला हवं होतं का? दुसऱ्या पर्वात विहीर अचानक घराच्या मागं कशी गेली? लोक इतक्या तळमळीनं लिहितात की वाटावं, ह्यांच्याच घरातलं कुणी गेलंय. मी सगळं वाचते. लिहीत काही नाही.

मी तिथं शिरले ती अप्पांमुळं. अप्पा म्हणजे माझे वडील. लातूरला गंजगोलाईजवळ त्यांचं किराणा दुकान होतं, आता भाऊ बघतो. मालिका सुरू करण्याआधी वाहिनीला दाखवायला एक नमुन्याचा भाग करतात, त्याला ते लोक पायलट म्हणतात. ह्या मालिकेचा पायलट लातूरजवळ आमच्या मूळ गावात शूट झाला, कोरोनाच्या काही वर्षं आधी. गोष्ट अशी की गावातला एक म्हातारा मरतो, त्याला पुरतात आणि मग तो घरच्यांना दिसायला लागतो.

आम्ही लिंगायत. आमच्यात माणसाला जाळत नाहीत. पद्मासनात बसवतात, जन्मभर गळ्यात वागवलेलं लिंग डाव्या तळहातावर ठेवतात, अंगाला भस्म, वर बेलाची पानं, आणि बसल्या जागी समाधी देतात. मालिकेवाल्यांना हे कुठून तरी कळलं होतं आणि कॅमेऱ्यात झकास दिसेल असं वाटलं होतं. अप्पांनी दिग्दर्शकाला आधीच सांगितलं की तुमची गोष्टच चुकली. आमच्यात भूत होत नाही. एकदा बसवला की माणूस शिवाशी एक झाला, विषय संपला. पिंड नाही, कावळ्याची वाट बघणं नाही. दिग्दर्शक हसून म्हणाला, काका, मालिकेपुरतं होऊ द्या.

मढं व्हायला मुंबईहून एक वयस्कर नट आला होता. खड्डा बघितल्यावर त्याला आठवलं की आपल्याला गुडघेदुखी आहे. गुडघेदुखी कुणाला नसते? तो घाबरला होता, हे शेतात जमलेल्या सगळ्या गावाला कळत होतं. कुणी समजूत काढतंय, कुणी पाणी देतंय, ऊन चढतंय. अप्पा फक्त बघायला आले होते. धोतर सावरत पुढं झाले.

"मी बसतो की," ते म्हणाले. "आज ना उद्या बसायचंच हाय."

आणि बसले. मी सुट्टीत माहेरी आले होते, काठावर उभी राहून बघत होते. अव्वा, म्हणजे माझी आई, लातूरला घरीच होती. नंतर तिला कळलं तेव्हा ती कितीतरी दिवस अप्पांशी बोलली नाही. जित्या माणसानं खड्ड्यात बसू न्हाई, एवढंच तिचं म्हणणं.

वाहिनीला मालिका आवडली, पण अप्पा नाही आवडले. बसवलेलं मढं प्रेक्षकांना कळणार नाही, चिता पाहिजे, असं वर कुणीतरी ठरवलं. मालिका लागली त्या दिवशी अप्पांनी गल्लीतले सगळे टीव्हीपुढं गोळा केले होते. पहिल्याच भागात चिता पेटली आणि तिच्यावर तो गुडघेदुखीवाला नट आरामात आडवा. अप्पांनी हात झटकले आणि म्हणाले, चला, वाचलो.

मग कोरोनाची दुसरी लाट आली. लातूरला बेड मिळेना, म्हणून भावानं अप्पांना माझ्याकडं नांदेडला आणलं. इथं बेड मिळाला. अप्पा मात्र राहिले नाहीत. त्यांना पिशवीत बांधलं, गाडीत घातलं, आणि इतरांबरोबर जाळलं. त्या दिवसांत सगळीकडं तसंच चाललं होतं, बोल तरी कुणाला लावायचा. मी फाटकाच्या बाहेर होते. धूर दिसला तो कुणाचा हेही सांगता येत नव्हतं. पुढं दवाखान्यातून एक प्लास्टिकची पिशवी हातात आली. तिच्यात मोबाईल, चष्मा आणि त्यांचं लिंग. ते माणसाबरोबर जायचं असतं.

अव्वानं ते देवळीत ठेवलं. रोज आधी आपल्या लिंगाची पूजा करते, मग त्यांच्या. ती रडली नाही. मीही नाही. दाढ काढताना सुई दिली की गाल कसा आपला वाटत नाही, तसं मला सगळ्या अंगाला झालं होतं. कॉलेज उघडलं, मी कामावर गेले, प्रवेश अर्ज तपासले, घरी येऊन भाकरी केल्या.

अव्वाचं एक मात्र बदललं. ती बसून जेवेना. ओट्यापाशी उभी राहते, हातात ताटली घेते आणि चार घास उरकते. वहिनीनं पाट मांडला, भावानं टेबल आणलं, काही उपयोग नाही. एकदाच ती वहिनीजवळ बोलली. "त्यांना बसायला जागा भेटली न्हाई. उभेच हायेत कुठंतरी." गंमत बघा, दुसऱ्या कुणाच्या घरात हे बोलली असती तर शांती केली असती, काहीतरी केलं असतं. आमच्यात भूतच नसतं, त्यामुळं त्यावर उपायही नाही. मठाचे स्वामी येऊन समजावून गेले, शिवाला जागेचं काय. अव्वानं मान डोलावली आणि संध्याकाळी उभ्यानं जेवली. तिनं एक दिवस पाटावर बसून पोटभर जेवावं, ह्यापलीकडं आम्हा भावंडांना काही नको होतं.

आणि गेल्या पावसाळ्यात कुणीतरी तो पायलट ग्रुपवर टाकला. एडिटिंगच्या खोलीतल्या कुणाकडं तरी पडून असणार. ग्रुपला सणच आला. मी ऑफिसात डबा खाता खाता उघडला. थोडा वेळ ती सून, मग रडणाऱ्या बायका, मग खड्डा, आणि खड्ड्यात अप्पा. डोळे मिटलेले, पाठ ताठ, कपाळभर भस्म, तळहातावर लिंग. मी पुढचा घास घेतला. काहीच वाटलं नाही, ह्याचंच मला वाईट वाटलं.

मग मतं वाचायला बसले. पायलटमधली सून बरी की नंतरची, ह्यावर निम्मा ग्रुप. कॅमेरा हलतो, संगीत नाही, पण भीती खरी वाटते, असं एक मत. वाहिनी भित्री, असं बऱ्याच जणांचं. आणि बाकी सगळे अप्पांवर. हा कुठला विधी? हिंदूत पुरतात का? हातात दगड कशाला दिलाय? निलंग्याच्या कुणा मुलीनं व्यवस्थित समजावून सांगितलं, तिच्यावरही चार जण धावून गेले. मग एकाला शोध लागला की मढ्याचा कंठ हलतो. नाकात भस्म गेलं असणार, अप्पांनी आवंढा गिळला होता. तेवढाच तुकडा कापून तो पुन्हा पुन्हा चालेल असा केला आणि खाली लिहिलं, मढं गिळतंय. शेकडो हसरे चेहरे. माझे वडील सारखे आवंढा गिळत होते आणि मी बघत होते.

एकानं मात्र लिहिलं होतं, हे काका फार भारी, ह्यांना पुढं का घेतलं नाही, आता कुठं असतात? मी उत्तर टाईप केलं. खोडलं. पुन्हा केलं, पुन्हा खोडलं.

भावाला फोन केला. त्याचं म्हणणं, अव्वाला अजिबात दाखवायचं नाही, बीपी आहे, उगाच जखमेची खपली काढू नको. मी म्हटलं, तिला अप्पा बसलेले बघायचेत ना? मग हे काय आहे? सगळं आहे त्यात, भस्म आहे, बेल आहे, लिंग हातात आहे. तो म्हणाला, नाटक आहे ते. मी म्हटलं, असू दे. आमचं चांगलंच वाजलं. रविवारी मी लातूरच्या बसमध्ये बसले. लोहा, अहमदपूर, खिडकीबाहेर सोयाबीन, आणि माझ्या डोक्यात एक तयार वाक्य: अव्वा, बघ, त्यांना जागा मिळाली होती. ते कुठल्या सुरात म्हणायचं हेही मी ठरवलं होतं.

स्वयंपाकघरात भाऊ तोंड फिरवून फ्रिजला टेकून उभा. वहिनीनं पाट सरकवला, अव्वा बसली नाही. ओट्यापाशीच उभी राहिली, चष्मा लावला आणि मोबाईल माझ्या हातातून घेतला. मी तो प्रसंग लावून दिला होता. अप्पा दिसले. मंत्र ऐकू आले, बेल पडला, मग ओंजळीनं माती. माती मांडीपर्यंत येते आणि तिथं दृश्य तुटतं. मी माझं वाक्य म्हणायला तोंड उघडलं.

"उठले का मंग?" तिनं विचारलं.

मला पटकन कळलंच नाही. शूटिंग झाल्यावर ते खड्ड्यातून उठले का, असं ती विचारत होती.

"उठले की," मी म्हटलं.

"ते दाखव."

ते त्यात कुठून असणार? मी पुढं सरकवत गेले. सून, विहीर, वारा, भूत. हे न्हाई, हे न्हाई, असं ती म्हणत राहिली. शेवटी भाऊ वळून म्हणाला, अव्वा, ते ठेवत नसतात, कापून टाकतात. तिनं मोबाईल मला परत दिला. "तू होतीस न तिथं. तू सांग."

मी सांगितलं. पायांना मुंग्या आल्या होत्या म्हणून त्यांना उठता येईना. लाइटवाल्या दोघांनी बगलेत हात घालून वर घेतलं. कानांत माती, धोतरात माती. शिंका सुरू झाल्या त्या थांबेनात. लिंग कपाळाला लावून गळ्यात घातलं. मग चहा मागितला, तो संपवून आणखी मागितला. आणि त्या नटाला म्हणाले, बसा आता तुम्ही, जागा गरम केलीया. सांगताना मला जाणवलं की इतक्या वर्षांत मला ह्यातलं काही आठवलंच नव्हतं. माझ्याकडं होता तो फक्त धूर.

अव्वा हसली. आवाज न करता, पदर तोंडाला लावून. वहिनीही हसली. मग अव्वाचा चेहरा हळूहळू बदलला.

"उठले, चहा पिले, समदं झालं," ती म्हणाली. "मंग घरी यायला एवढा उशीर का केला?"

त्या दिवशी खरंच उशीर झाला होता. जीप मिळाली नव्हती, अंधार पडल्यावर आम्ही लातूरला पोचलो. मी तसं सांगितलं. जीप मिळेना अव्वा, म्हणून उशीर झाला.

"मी जेवायची थांबले होते न," ती म्हणाली.

तेव्हा मला रडू आलं.